हांगझोऊला शिकायला जाताना: अर्जापासून पदवी हातात घेऊन परतेपर्यंत

चीनमध्ये नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याचं घोडं अभ्यासात कमी आणि कामांच्या क्रमात जास्त अडतं. निवास परवान्यासाठी आरोग्य तपासणीचा दाखला लागतो. बँकेत खातं उघडायला चिनी मोबाइल नंबर आणि बहुतेक ठिकाणी निवास परवानाही लागतो. मोबाइल नंबर घ्यायला मूळ पासपोर्ट लागतो आणि नेमका तोच पासपोर्ट परवान्याच्या अर्जाबरोबर दोन-तीन आठवडे सरकारी कार्यालयात जमा असतो. हा क्रम आधी कळला तर सगळं महिन्याभरात मार्गी लागतं, नाहीतर शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता दिवाळीपर्यंत लटकतो.

इथे उदाहरणाला झजियांग प्रांताची राजधानी हांगझोऊ घेतली आहे. झजियांग विद्यापीठ इथलंच, १८९७ साली सुरू झालेलं. शांघाय वेगवान रेल्वेने तासाभरावर आहे. व्हिसा आणि निवास परवान्याचे नियम देशभर एकच आहेत, त्यामुळे वूहान किंवा छंगदूला जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

अर्ज

बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि अर्ज आधीच्या हिवाळ्यापासून वसंतापर्यंत घेतले जातात. चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वाटा आहेत: एक दोन्ही सरकारांमार्फत, दुसरी थेट विद्यापीठामार्फत. पोर्टल एकच, पण अर्जात 'एजन्सी नंबर' भरावा लागतो आणि तो प्रत्येक वाटेचा, प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो. तो चुकला तर अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन पडतो आणि कोणी कळवतही नाही. विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच नंबर घ्या. शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क माफ असतं आणि महिन्याला पदवीसाठी २५००, पदव्युत्तरसाठी ३०००, पीएचडीसाठी ३५०० युआन मिळतात. वयाची अट अनुक्रमे २५, ३५ आणि ४० वर्षांखालची. युआनचा भाव २०२५ च्या अखेरीस साधारण १२-१३ रुपये होता.

पीएचडी आणि संशोधनाच्या पदव्युत्तर अर्जात प्राध्यापकाचं स्वीकृतीपत्र मिळालं की पारडं बरंच जड होतं. प्राध्यापकाला ईमेल करताना त्याचा अलीकडचा एखादा निबंध खरोखर वाचून त्यावर दोन नेमकी वाक्यं लिहा. शंभर जणांना पाठवलेला एकच मजकूर लगेच ओळखू येतो.

एमबीबीएसचा विचार असेल तर विद्यापीठाआधी भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२१ची नियमावली वाचा. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम आणि ज्या देशात शिकलात तिथे वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता, या अटी एकत्र पाळाव्या लागतात. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण तर हवीच. यातली शेवटची अट सगळ्यात अवघड आहे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर सहा वर्षं लावू नका, लेखी उत्तर मागा.

नावाचा घोळ

मराठी विद्यार्थ्याला हमखास छळणारी गोष्ट म्हणजे नाव. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पदवीच्या प्रमाणपत्रावर क्रम निराळा. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, नाव आणि वडिलांचं नाव दुसऱ्या ओळीत, आणि काहींच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव नाहीच. त्यात 'ज्ञानेश्वर'सारखं नाव एका कागदावर 'डी'ने सुरू होतं, दुसऱ्यावर 'जी'ने.

चीनमध्ये बँक, मोबाइल कंपनी, रेल्वे आणि पैसे देण्याचं ॲप एकमेकांशी नाव अक्षरानुअक्षर ताडून पाहतात. बँकेत आडनाव आधी आणि मोबाइलच्या नोंदीत शेवटी असेल तर ॲप 'ओळख जुळत नाही' एवढंच सांगतं आणि थांबतं.

उपाय सोपा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत आडनाव आधी आणि मग दिलेली नावं येतात. प्रवेश अर्जापासून बँकेपर्यंत सगळीकडे तोच क्रम, तेच स्पेलिंग. प्रत्येक खिडकीवर सही करण्याआधी कर्मचाऱ्याला पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि एकेक अक्षर तपासा. नाव लांब असेल तर रकान्यात मावतंय ना तेही बघा. गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांत फरक असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घ्या आणि अर्जालाच जोडा.

मोहरा, दाखले आणि अपॉस्टिल

चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपॉस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, आला. ही बातमी वाचून पुष्कळ जण परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल करून मोकळे होतात. पण भारताने चीनच्या प्रवेशाला हरकत घेतली होती, म्हणून हा करार भारत आणि चीन यांच्यात लागू नाही. विद्यापीठाने कागद प्रमाणित करून मागितले तर जुनीच वाट धरावी लागते: आधी राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण, मग चिनी दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाची मोहोर. सगळं मिळून दीड-दोन महिने हाताशी ठेवा. फक्त नोटरीच्या प्रती मागितल्या असतील तर या फंदात पडू नका.

पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून काढा. स्थानिक पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत.

परदेशी व्यक्तींच्या आरोग्य तपासणीचा ठरावीक छापील फॉर्म असतो. छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या त्यात येतात, एचआयव्ही व सिफिलिससकट. निकाल सहा महिने चालतात, म्हणून मे-जूनच्या आधी करू नका. फॉर्म नाकारला जातो तो दोन किरकोळ कारणांनी: रुग्णालयाचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर आलेला नसतो, किंवा एखादा रकाना रिकामा राहिलेला असतो. डॉक्टरांसमोर बसूनच रकाने मोजा. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झालेला असेल तर एक्स-रेमध्ये डाग दिसतोच. तेव्हा जुन्या फिल्म आणि उपचार पूर्ण झाल्याचा डॉक्टरांचा इंग्रजी दाखला जवळ ठेवा.

व्हिसा

अभ्यासक्रम १८० दिवसांहून मोठा असेल तर एक्स-१, त्याहून लहान असेल तर एक्स-२. एक्स-१ साठी प्रवेशपत्र आणि विद्यापीठाने व्हिसासाठी पाठवलेला जेडब्ल्यू नावाचा फॉर्म लागतो. सरकारी शिष्यवृत्ती असेल तर २०१ क्रमांकाचा, स्वखर्चाने जात असाल तर २०२. महाराष्ट्रातल्यांचं काम मुंबईच्या व्हिसा केंद्रात होतं. फोटो ३३ × ४८ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, कान दिसणारा.

व्हिसा हातात आला की मुक्कामाच्या दिवसांच्या जागी ००० दिसेल. घाबरू नका. त्याचा अर्थ असा की हा व्हिसा फक्त आत शिरण्यापुरता आहे आणि शिरल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा आहे. प्रवेशांची संख्या एकच असते, म्हणून परवाना मिळेपर्यंत हाँगकाँग किंवा मकाऊलाही जाऊ नका. तिथे जाणं म्हणजे मुख्य भूमीतून बाहेर पडणंच धरलं जातं आणि व्हिसा तिथेच संपतो.

'आधी पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ' असं सांगणाऱ्या एजंटापासून चार हात दूर राहा.

बॅगेत काय, काय नाही

मूळ प्रवेशपत्र, जेडब्ल्यू फॉर्म, आरोग्य तपासणीचे मूळ अहवाल, मूळ गुणपत्रिका आणि आठ-दहा फोटो हातातल्या बॅगेत ठेवा. व्हिसा केंद्राने परत दिलेला जेडब्ल्यू फॉर्म तिथे पुन्हा लागतो. तो मोठ्या बॅगेत टाकला आणि बॅग दुसऱ्याच शहरात गेली तर नोंदणीच होत नाही.

दुधाचे पदार्थ, मांस, ताजी फळं-भाज्या आणि उगवण्याची क्षमता असलेलं बी चीनमध्ये सोबत नेता येत नाही. म्हणजे तुपाची बरणी घरीच ठेवा आणि अख्खी मटकी-मूगही नेऊ नका. ओल्या फडक्यात जिला मोड येतात ती मटकी नियमाच्या भाषेत बीच ठरते. गोडा मसाला, काळा मसाला न्यायला हरकत नाही, पण तो खसखस न घालता करून घ्या. अफूच्या झाडाशी संबंध असलेल्या कोणत्याही पदार्थाबाबत चीनमध्ये फार कडक धोरण आहे आणि खसखस मसाल्यात वापरायला तिथे मनाई आहे. रोजची औषधं असतील तर मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

वीज २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपलीच उपकरणं चालतात, पण आपली गोल तीन पिनांची पिन बसत नाही. एक अडॅप्टर पुरे, बाकीचं तिथे स्वस्त मिळतं. पॉवर बँक मात्र तिथेच घ्या: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '३-सी' ही चिनी प्रमाणखूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत.

विमानाचं बघताना लक्षात ठेवा की २०२० पासून बंद असलेली थेट सेवा २६ ऑक्टोबर २०२५ रोजी कोलकाता–ग्वांगझोऊ विमानाने पुन्हा सुरू झाली. सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे जाण्याची जुनी सोय आहेच. दोन वेगळ्या तिकिटांवर प्रवास असेल तर मधल्या ठिकाणी सामान बाहेर घ्यावं लागेल का आणि त्यासाठी व्हिसा लागेल का, हे तिकीट काढण्याआधी तपासा.

पहिले तीस दिवस

हा भाग नीट वाचा. सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

पहिले २४ तास. परदेशी माणसाने मुक्कामाच्या जागेची नोंद पोलिसांकडे २४ तासांत करायची असते. हॉटेल ही नोंद स्वतः करतं, वसतिगृहात तिथलं कार्यालय करतं. घोटाळा होतो तो वसतिगृह उघडण्याआधी दोन दिवस पोहोचून एखाद्या ओळखीच्याच्या खोलीवर राहिल्यावर. तेव्हा त्या भागातल्या पोलीस चौकीत घरमालकाच्या कागदांसह स्वतः जावं लागतं. न केल्यास २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. त्यापेक्षा दोन रात्रींचं हॉटेल स्वस्त. फक्त परदेशी पाहुण्याची नोंद करायची त्यांना सवय आहे ना, हे आरक्षणाआधी विचारून घ्या. हांगझोऊच्या शियाओशान विमानतळावरून मेट्रोच्या १, ७ आणि १९ क्रमांकाच्या मार्गिका निघतात. १९ ही जलद मार्गिका पूर्व रेल्वे स्थानकातून पश्चिम स्थानकाकडे जाते. झजियांग विद्यापीठाच्या झिजिनगांग परिसराचं स्थानक ५ क्रमांकाच्या मार्गिकेवर आहे.

दिवस पहिला ते तिसरा: सिम कार्ड. पासपोर्ट हातात आहे तोवरच मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा. तिथे पासपोर्ट तपासतात, चेहऱ्याचा फोटो घेतात. फाटकाजवळ टेबल टाकून विकणाऱ्याकडून घेतलेल्या सिमवर नाव भलतंच निघू शकतं आणि तो नंबर बँकेला चालत नाही.

त्याच दिवसांत विद्यापीठात हजेरी, शुल्क आणि विमा. विम्याचा हप्ता साधारण वर्षाला ८०० युआन असतो. मग आरोग्य तपासणीची पडताळणी. ठरलेल्या केंद्रात सकाळी उपाशीपोटी जायचं. भारतातले अहवाल मान्य झाले तर काम लवकर संपतं, नाहीतर रक्त आणि एक्स-रे पुन्हा. पुन्हा करावं लागलं तर वाद घालू नका, चार-पाचशे युआनात सुटतं. दाखला मिळायला काही दिवस जातात आणि त्याच्याशिवाय परवान्याचा अर्ज घेत नाहीत, म्हणून ही तपासणी पहिल्या आठवड्यातच उरका.

दाखला आला की निवास परवान्याचा अर्ज. पासपोर्ट, मुक्कामाच्या नोंदीचा कागद, प्रवेशपत्र, जेडब्ल्यू फॉर्म, विद्यापीठाचं पत्र, आरोग्याचा दाखला आणि त्यांच्या यंत्रावर काढलेल्या फोटोची पावती, एवढं लागतं. शुल्क एक वर्षापेक्षा कमी मुदतीला ४०० युआन, एक ते तीन वर्षांना ८००. निर्णयाला १५ दिवस लागू शकतात आणि तेवढे दिवस पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो. मिळालेल्या पावतीचा फोटो काढून ठेवा. या काळात शहराबाहेरचा प्रवास ठरवू नका: हॉटेलला पासपोर्ट लागतो आणि रेल्वेत तर पासपोर्ट हेच तिकीट असतं.

आता दिनदर्शिका उघडा. समजा, तुम्ही ६ सप्टेंबरला उतरलात. तीस दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतात आणि १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्या आठवड्यात सरकारी कार्यालयं बंद असतात. म्हणजे खरी मुदत ३० सप्टेंबर, आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत सगळ्या शहरातले विद्यार्थी रांगेत असतात. २० सप्टेंबर हीच आपली मुदत मानून चला. मुदत उलटली तर बेकायदा मुक्काम धरला जातो: दिवसाला ५०० युआन, कमाल १०,००० युआन दंड किंवा ५ ते १५ दिवस कोठडी.

पासपोर्ट परत आला की त्याच दिवशी परवान्यावरचं नाव, जन्मतारीख आणि संपण्याची तारीख तपासा, मग बँक. मूळ पासपोर्ट, चिनी नंबर आणि आपला पॅन क्रमांक सोबत ठेवा, कारण कर निवासाच्या फॉर्मवर तो विचारतात. शिष्यवृत्ती कोणत्या बँकेत जमा होते हे आधी विद्यापीठाला विचारा, नाहीतर दोन खाती होतात.

पुढचं एवढं लक्षात असू द्या: परवान्यावर लिहिलेलं काही बदललं, उदाहरणार्थ पासपोर्ट नवा झाला, तर १० दिवसांत कळवायचं, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी करायचा. सुट्टीत भारतात जाऊन आल्यावर वसतिगृहाच्या कार्यालयात पासपोर्ट दाखवायची सवय ठेवा. काही अडलं तर १२३६७ हा चीनच्या स्थलांतर विभागाचा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं. पोलीस ११०, आग ११९, रुग्णवाहिका १२०. हांगझोऊ आपल्या शांघाय वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं. पोहोचल्याच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवा.

पैसे आणि फोन

बँक खातं होईपर्यंतचा एक-दीड महिना निभावण्यासाठी सहा ते आठ हजार युआन हाताशी असावेत. तपासणी, परवाना, विमा, वसतिगृहाचं शुल्क आणि अनामत, गादी-पांघरूण हे सगळं एकदम अंगावर येतं. शिष्यवृत्ती असली तरी पहिला हप्ता खातं झाल्यावरच येतो.

अलीपे या पैसे देण्याच्या ॲपवर भारतीय बँकेचं 'व्हिसा' किंवा 'मास्टरकार्ड' कंपनीचं कार्ड जोडता येतं. २०० युआनच्या आतल्या व्यवहाराला शुल्क नाही, वरच्याला ३ टक्के. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमध्ये सुरू केलेला नसेल तर ते चालत नाही आणि आपल्याकडे तो मुळात बंदच असतो. निघण्याआधी सुरू करा. एक कार्ड आईवडिलांच्या खात्याचं आणि एक स्वतःचं, असे दोन वेगळ्या बँकांचे पर्याय ठेवा.

भारतीय सिम टाकून देऊ नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. रोमिंग चालू ठेवा. त्याचा दुसरा फायदा असा की रोमिंगचा डेटा आपल्या कंपनीमार्फत जातो, त्यामुळे पहिल्या दिवशी घरी व्हॉट्सॲपवर 'पोहोचलो' एवढं कळवता येतं. चिनी सिमवर गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम काहीच उघडत नाही. बंद साइट आडवाटेने उघडून देणाऱ्या, परवाना नसलेल्या व्हीपीएनवर सगळी भिस्त ठेवणं नियमातही बसत नाही आणि ऐन परीक्षेच्या आठवड्यात ते बंदही पडतं. म्हणून विद्यापीठाला जीमेलऐवजी दुसरा ईमेल पत्ता द्या आणि महत्त्वाच्या फायली गूगल ड्राइव्हवर न ठेवता लॅपटॉपवर उतरवून घ्या.

तिकडचं सगळं चालतं वीचॅट या निरोपांच्या ॲपवर. वर्गाच्या सूचना, वसतिगृहाच्या तक्रारी, प्राध्यापकाचा निरोप, सगळंच. भारतात हे ॲप जून २०२० पासून बंद आहे, त्यामुळे खातं तिथे गेल्यावर, चिनी नंबरावर उघडा. नव्या खात्याची खात्री जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करून द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या माणसाला तशी विनंती करा. पहिल्याच दिवशी पन्नास जणांना जोडायला गेलात तर खातं संशयास्पद ठरून अडकू शकतं.

नकाशासाठी गाओद ॲप वापरा. चीनमध्ये नकाशांची अक्षांश-रेखांश पद्धत मुद्दाम सरकवलेली आहे, त्यामुळे गूगलच्या नकाशावर तुमचा ठिपका शेकडो मीटर बाजूला दिसू शकतो, कधी कधी नदीतही.

भाषा: मराठी माणसाला मिळालेली सवलत

इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमालाही चिनी भाषा सक्तीची आहे. २०१८च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे इंग्रजीतून पदवी घेणाऱ्याने बाहेर पडताना एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी गाठायची असते, पदव्युत्तरला तिसरी. शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

उच्चारात मराठी माणसाचा हात कोणी धरू नये. चिनी भाषा रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. त्यातलं 'बी' म्हणजे आपला ब नव्हे, प. आणि 'पी' म्हणजे महाप्राण फ, ओठ न चावता, 'फळ' म्हणताना येतो तसा. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'जे' म्हणजे चिमणीतला च आणि 'क्यू' म्हणजे छ. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक ऐकू यायलाच महिने लागतात, आपल्याला तो बाराखडीबरोबर मिळालेला आहे. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे 'झेड' हे अक्षर. त्याचा उच्चार चमचा या शब्दातल्या च सारखा, दातांमागे जीभ लावून. चिमणीचा च आणि चमच्याचा च वेगळे, हे मराठी पोराला शिकवावं लागत नाही! 'झेड-एच'साठी जीभ ट म्हणताना वळते तशी वळवा. म्हणून टॅक्सीवाल्याला 'हांगझोऊ' न म्हणता 'हांग-चोउ' म्हणा, जीभ वळवून.

सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मात्र नव्याने शिकावे लागतात. शब्द पाठ करताना सुरासकट मोठ्याने म्हणा, नुसता वाचून पाठ केलेला शब्द बाजारात कोणाला कळत नाही.

जेवण, थंडी, सायकल

विद्यापीठाच्या भोजनालयात १०-२० युआनात पोटभर जेवण मिळतं. शाकाहारी असाल तर 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ करा. पण त्यावर थांबू नका. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, रस्सा हाडांचा असू शकतो आणि मापो तोफू या सोया पनीरच्या पदार्थात सहसा खिमा असतो. 'मांस नको, चरबी नको, चिकन पावडर नको, अंडं चालेल' असं चिनीत लिहिलेलं कार्ड फोनमध्ये ठेवा आणि भोजनालयातल्या एकाच खिडकीवर रोज जा. आठवड्याभरात तिथली काकू स्वतःच वेगळी कढई घेते. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची 'ती सान शिएन' ही भाजी भातावर झकास लागते. बौद्ध मठांच्या भोजनगृहांतलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं. हांगझोऊचा लिंगयिन मठ, परंपरेप्रमाणे, इसवी सनाच्या चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूने स्थापला. एखाद्या रविवारी तिथे जरूर जा.

तूरडाळ, हिंग, पोहे यांची चिंता नको. याच प्रांतातल्या यीवू आणि शाओशिंगजवळच्या कच्याओ इथे भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आहे आणि तिथली भारतीय किराणा दुकानं माल पार्सलने पाठवतात. वसतिगृहात स्वयंपाकघर सामायिक असतं. खोलीत शेगडी किंवा पाणी तापवायचा रॉड सापडला तर जप्त होतो आणि नोंदही होते. नळाचं पाणी पिऊ नका, मजल्यावर उकळलेल्या पाण्याचं यंत्र असतं.

उन्हाळ्यात पारा ३८ च्याही वर जातो, जूनमध्ये भिंतींना बुरशी येईल इतका दमटपणा. हिवाळा शून्याच्या आसपास, पण फसवा. उत्तर चीनसारखी सरकारी उष्णता वाहिनी इथे नाही, खोलीत फक्त एसी. त्यामुळे बीजिंगपेक्षा हांगझोऊत घरात जास्त कुडकुडायला होतं. थर्मल कपडे इथून न्या, जाड कोट आणि रजई तिथे घ्या.

शहर सायकलीचं आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक लाल सायकलींचा पहिला तास फुकट असतो. इलेक्ट्रिक स्कूटरला नंबरपट्टी आणि हेल्मेट लागतं, बॅटरी खोलीत नेऊन चार्ज करायला बंदी आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चीन मानत नाही.

वर्गात आणि वर्गाबाहेर

उत्तीर्णतेला बहुतेक ठिकाणी ६० गुण लागतात, आपल्या ३५-४० च्या सवयीने चालू नका. तासांची हजेरी काटेकोर असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गैरहजेरी गेली तर परीक्षेला बसू देत नाहीत. मोठ्या सुट्टीच्या बदल्यात शनिवार-रविवारी वर्ग भरतात, ते वेळापत्रक वीचॅटवर येतं. सुट्टी समजून झोपून राहिलेल्या नव्या विद्यार्थ्यांची गैरहजेरी तिथेच लागते.

इंग्रजी शिकवण्याची कामं सहज चालून येतात. विद्यापीठाची परवानगी आणि निवास परवान्यावर तशी नोंद असल्याशिवाय ती घेऊ नका. बेकायदा कामाला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, गंभीर प्रकरणात कोठडी, आणि शिष्यवृत्तीही धोक्यात येते. पैशाची ओढाताण असेल तर सल्लागार प्राध्यापकाला सांगा, संशोधन साहाय्यकाचं रीतसर काम बहुधा निघतं.

परतताना

पदवी हातात आली की लगेच विमानात बसू नका. भारतात ती वापरायची तर तिच्यावर मोहरा लागतील आणि अपॉस्टिल इथेही चालत नाही. चिनी नोटरी कार्यालयातून इंग्रजी अनुवादासह नोटरी, मग प्रांताच्या परराष्ट्र विभागाचं प्रमाणीकरण, मग शांघायच्या भारतीय वाणिज्य दूतावासाची मोहोर, असा क्रम आहे. गुणपत्रक, पदवी प्रमाणपत्र आणि पदवी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र हे चीनमध्ये तीन वेगळे कागद असतात. तिन्हींची नोटरी एकाच वेळी करा. चीनमध्ये असताना तीन-चार आठवड्यांत होणारं हे काम मागे राहिलं तर भारतातून कोणाला तरी मुखत्यारपत्र देऊन करवून घ्यावं लागतं आणि सहा महिने सहज जातात.

निवास परवाना पदवीच्या तारखेच्या आसपास संपत असेल तर नोटरीचं काम होईपर्यंतची मुदत विद्यापीठाच्या पत्रावर वाढवून घ्या. बँकेतली शिल्लक काढून खातं बंद करा, वसतिगृहाची अनामत परत घ्या, आणि चिनी सिम सगळ्यात शेवटी बंद करा, कारण या प्रत्येक कामाचा कोड त्याच नंबरावर येतो.